ओपनिंग डेच्या गर्दीत पहिली शिकार: पेनसिल्वेनियात नव्याने हरणामागे जाणाऱ्यांसाठी

दरवर्षी मंडळाच्या गणपतीत जेवणाच्या रांगेत कोणीतरी हळूच बाजूला येऊन विचारतंच, "तू शिकारीला जातोस ना रे, मला पण यंदा यायचंय, बंदूक कुठली घेऊ?" बंदुकीचं सांगायला दुकानात माणसं बसलीयेत आणि यूट्यूबवर तर ढीग पडलाय. माझा अनुभव असा की नवीन माणसाचा पहिला सीझन वाया घालवते ती गर्दी. हरीण बघायला म्हणून जातो, दिवसभरात केशरी जॅकेटवाले शिकारी वीस दिसतात, हरीण शून्य, मग वैतागून दुसऱ्या वर्षी लायसन्सच काढत नाही. माझंही तसंच होणार होतं, शेजारच्या रिटायर्ड काकांनी हाताला धरून परत नेलं म्हणून टिकलो. तर हे सगळं फक्त गर्दीबद्दल आहे, सरकारी जमिनीवरच्या आणि खाजगी जमिनीवरच्या.

आकडे ऐकले की वाटतं जागा भरपूर आहे. गेम कमिशनच्या, म्हणजे राज्याच्या शिकारखात्याच्या, स्टेट गेम लँड्स (शिकारीसाठी खुल्या सरकारी जमिनी) साधारण 15 लाख एकर, स्टेट फॉरेस्ट 22 लाख एकर, वर पश्चिमेला अलेगेनी नॅशनल फॉरेस्ट 5 लाख एकरच्या वर. पण लायसन्स काढणारेही साडेआठ लाखांच्या आसपास आहेत आणि रायफलचा सीझन जेमतेम दोन आठवड्यांचा, त्यातही बरीचशी जनता पहिल्याच दिवशी उतरते. आधी कित्येक वर्षं ओपनिंग थँक्सगिव्हिंगनंतरच्या सोमवारी असायचं, बऱ्याच शाळा त्या सोमवारी अजूनही सुट्टी देतात, 2019 पासून ते शनिवारी आलं. म्हणजे ज्यांना सोमवारी रजा मिळायची नाही तेही आता येतात. चांगलंच आहे, मी स्वतः त्यातलाच.

आणि आपली अडचण अजून एक. 1972 चा वन्यजीव कायदा आला आणि आपल्याकडे शिकार बंद झाली, ते बरंच झालं, पण त्यामुळे घरात शिकवणारं कोणी नाही, मचाण आणि हाका हे शब्द तेवढे गोष्टींतून कानावर पडलेले. इथली पोरं बारा वर्षांची असताना आजोबांबरोबर थंडीत कुडकुडत बसलेली असतात, कुठल्या पार्किंगला कोण येतं, कुणाची बसायची जागा कुठली, हे त्यांना तोंडपाठ. आपण चाळिशीत मॅप उघडून श्रीगणेशा करतो. त्यामुळे थोडी पद्धतशीर तयारी लागते, ती सांगतो.

स्टेप 1: कागदपत्रं, आणि व्हिसावाल्यांनी हे नीट वाचा

पहिल्यांदा लायसन्स काढणाऱ्याला हंटर-ट्रॅपर एज्युकेशनचा कोर्स करावा लागतो, मोठ्या माणसांना तो ऑनलाइनही करता येतो, पण जमलं तर प्रत्यक्ष वर्गातच बसा, तिथे आजूबाजूचे चार लोक ओळखीचे होतात आणि पुढे हेच लोक पार्किंगमध्ये भेटतात. लायसन्सचं वर्ष 1 जुलैला सुरू होऊन 30 जूनला संपतं. साध्या लायसन्सवर शिंगवाल्या नराचा टॅग, म्हणजे मारलेल्या हरणाला लावायची चिठ्ठी, येतो, मादीसाठी अँटलरलेस लायसन्स वेगळं, ते तुमच्या वाइल्डलाइफ मॅनेजमेंट युनिटप्रमाणे (शिकारीसाठी राज्याचे पाडलेले विभाग) मिळतं आणि काही युनिटमधली पटकन संपतात. नवीन माणसाने मादीचं काढाच. बहुतेक भागात नराच्या एका बाजूच्या शिंगाला किमान तीन टोकं लागतात आणि झाडीतून दोन सेकंद दिसलेल्या हरणाची टोकं मोजणं काय असतं ते एकदा करून बघा.

आता एच-वन-बी वगैरेवर असलेल्यांसाठी. फेडरल कायद्याने नॉनइमिग्रंट व्हिसावरच्या माणसाला बंदूक आणि गोळ्या बाळगायला मनाई आहे, पण राज्याचं वैध हंटिंग लायसन्स हातात असेल तर त्याला सूट आहे. म्हणजे क्रम महत्त्वाचा, आधी कोर्स, मग लायसन्स, मग बंदुकीला हात. मित्राची रायफल "जरा बघू" म्हणून रेंजवर चालवणं हेही बाळगण्यातच येऊ शकतं. लायसन्सची मुदत 30 जूनला संपली आणि बंदूक कपाटात तशीच पडून आहे असं होऊ देऊ नका. आपलं इथलं सगळं स्टेटसवर उभं आहे, त्यामुळे दोनशे डॉलर खर्चून इमिग्रेशन वकिलाला एकदा विचाराच. ग्रीन कार्डवाल्यांना ही भानगड नाही. आणि ज्यांना यात पडायचंच नाही त्यांनी धनुष्य किंवा क्रॉसबो घ्यावा, आर्चरीचा (धनुष्याचा) सीझन ऑक्टोबरातच सुरू होतो आणि गर्दी रायफलच्या मानाने काहीच नसते.

स्टेप 2: कुठल्या जमिनीवर उभे आहात ते ओळखा

फोनवर जमिनीच्या हद्दी दाखवणारं ॲप घ्या, ऑनएक्स वापरतात बहुतेक जण, आणि तो भाग ऑफलाइन सेव्ह करून ठेवा कारण दरीत रेंज नसते. पण ॲपची रेघ दहावीस यार्ड इकडेतिकडे असू शकते, त्यामुळे झाडांवर काय लिहिलंय ते डोळ्यांनी बघायची सवय लावा. झाडावर जांभळ्या रंगाचा उभा पट्टा दिसला तर तो "आत येऊ नका" चा बोर्डच समजायचा, 2020 च्या सुरुवातीपासून हा कायदा आहे. पट्टा किमान 8 इंच लांब, जमिनीपासून 3 ते 5 फुटांवर, आणि दोन पट्ट्यांमध्ये 100 फुटांपेक्षा जास्त अंतर नाही. मला पहिल्या वर्षी वाटलं होतं लाकूडतोड्यांची खूण असेल.

बोर्ड नाही, पट्टा नाही, कुंपण नाही म्हणजे मोकळी जमीन, असंही नाही. खाजगी जमिनीवर परवानगी घ्यायचीच. आणि हे तर नीट लक्षात ठेवा की तुम्ही गेम लँडवर मारलेलं हरीण पळत जाऊन बाजूच्याच्या शेतात पडलं तरी त्याला विचारल्याशिवाय ते आणायला जायचा तुम्हाला हक्क नाही. म्हणून हद्दीला चिकटून बसू नका, शंभर-दीडशे यार्ड आत बसा.

मधला एक प्रकार आहे जो नवीन लोकांना माहीतच नसतो, हंटर ॲक्सेस प्रोग्राम, म्हणजे खाजगी मालकाने गेम कमिशनबरोबर करार करून शिकाऱ्यांना मोकळी ठेवलेली जमीन. गेम कमिशनच्या नकाशात सापडते. तिथेही जाऊन एकदा मालकाला भेटून या, माणुसकी म्हणून.

वस्तीच्या घरापासून 150 यार्डांच्या आत बंदुकीने शिकार नाही, धनुष्याला 50 यार्ड. घरवाल्यांची परवानगी असेल तर गोष्ट वेगळी. फिलाडेल्फिया-पिट्सबर्गच्या आसपास हरणं भरमसाट, पण ही वर्तुळं नकाशावर काढून बघा, बसायला जागाच उरत नाही, तिथे धनुष्यच बरं.

स्टेप 3: आधी माणसांचा नकाशा काढा

हे माझं सगळ्यात लाडकं काम आणि यातच खरी गंमत आहे.

सगळे काय करतात, नकाशा उघडून हरणांच्या जागा शोधतात, ओकची झाडं, पाणी, दाट झुडपं. तुम्ही आधी पार्किंगच्या जागा शोधा. प्रत्येक पार्किंगभोवती पाव मैलाचं वर्तुळ काढा, मग अर्ध्या मैलाचं. पायवाटा, जुने लाकडाचे रस्ते, वीजवाहिनीखाली साफ केलेले पट्टे, हे सगळं लाल करा, कारण अंधारात माणूस सोप्या वाटेनेच जातो. उरलेला पांढरा भाग बघा किती कमी आहे आणि त्याचा आकार कसा आहे. हरणं सकाळी आठनंतर तिथे असणार.

मी हॅरिसबर्गच्या उत्तरेला स्टोनी व्हॅलीत जातो, स्टेट गेम लँड्स 211, सुमारे 44 हजार एकर. तिथे दरीच्या तळातून जुन्या रेल्वेमार्गाची सपाट वाट जाते, गाड्यांना बंद. नवीन माणूस म्हणतो वा, आत चालत गेलो की झालं. पण सगळेच तसं म्हणतात. ओपनिंगला पहाटे त्या वाटेवर हेडलॅम्पची माळ लागलेली असते, आळंदीच्या वाटेवर निघाल्यासारखी. मग काका म्हणाले, दीड मैल आत जायची गरजच नाही, अर्धा मैल जा आणि काटकोनात वर चढ. सेकंड माउंटनचा उतार सगळा दगडगोट्यांचा, चढताना घोटा मुरगळेल अशी भीती वाटते, म्हणूनच तिथे कोणी येत नाही. वर एक सोंड उतरते, तिच्या कडेला दोन खाटांएवढी सपाट जागा आहे, तिथून खालची घळ दिसते. माझं पहिलं हरीण तिथलंच.

म्हणजे लांब जाणं हा एकच उपाय नाहीये. खडा चढ, ओढा ओलांडून जायला लागणं, काटेरी झुडपांची भिंत, किंवा अगदी रस्त्याला लागून असलेला पण गाडी लावायला जागा नसलेला तुकडा, यातलं काहीही माणसांना थांबवतं. हरणांनाही हे कळतं. पेन स्टेट युनिव्हर्सिटीच्या डिअर-फॉरेस्ट स्टडीत हरणांना जीपीएस कॉलर लावून बघितलं, त्यातली एक मादी रायफल सीझन सुरू झाला की नेहमीच्या जागा सोडून एका खड्या उतारावर जाऊन राहायची. तिला कोणी नकाशा दिला होता?

स्टेप 4: आधी दोनतीनदा जाऊन या, आणि तीन जागा ठरवा

ऑक्टोबरात एकदा, थँक्सगिव्हिंगच्या आठवड्यात एकदा. लेंड्या, खुरांच्या वाटा, नराने शिंगं घासून साल काढलेली झाडं, हे बघाच, पण त्याबरोबर लोकांनी बांधलेल्या रंगीत फिती, झाडाला लावलेली मचाणं, सिगारेटची थोटकं पण बघा आणि ॲपवर टिंब टाका. अंधारात जायची वाट उजेडात दोनदा चालून ठेवा, नाहीतर पहाटे पाचला तुम्ही दुसऱ्या कुणाच्या मांडीवर जाऊन बसाल.

जागा एक नको, तीन पाहिजेत. पहिल्या जागी कोणी बसलेलं असणार हे गृहीतच धरायचं. आणि तिघींचा वारा वेगळा असू दे. डोंगरात पहाटे थंड हवा खाली वाहते आणि ऊन तापलं की वर चढायला लागते, म्हणजे सकाळी सातला बरोबर असलेली जागा अकराला चुकीची होते, आपला वास सरळ हरणाच्या नाकात.

गेम लँडवर मचाण लावायचं तर झाडाला इजा न करणारं, खिळे-स्क्रू काही नाही, आणि त्यावर स्वतःची ओळख लावलेली पाहिजे. मचाण लावलं म्हणजे जागा आपली झाली असं नसतं. सरकारी जमिनीवर जागा रिझर्व्ह होत नाही, दादर स्टेशनवर रुमाल टाकून सीट धरायची पद्धत इथे चालत नाही. आणि वर चढताना हार्नेस, प्रत्येक वेळी, चार पायऱ्या असल्या तरी.

स्टेप 5: प्रत्यक्ष दिवस

रायफल सीझनमध्ये डोकं, छाती आणि पाठ मिळून 250 चौरस इंच फ्लुओरेसंट केशरी अंगावर पाहिजे, चारी बाजूंनी दिसेल असं. मी त्यापेक्षा जास्तच घालतो. हरणाला तो रंग आपल्यासारखा दिसत नाही, काळजी नको. पांढरा रुमाल मात्र खिशातून काढायचा नाही, व्हाइट-टेल हरीण पळताना शेपटीचा पांढराच झेंडा वर करतं, आणि समोरच्या डोंगरावर कोण, किती अनुभवाचा, किती अधीर बसलाय हे आपल्याला माहीत नसतं. नाक पुसायला लाल किंवा केशरी कापड ठेवा. ऐकायला हास्यास्पद वाटतं, असू दे.

गोळी झाडायची वेळ सूर्योदयाच्या अर्धा तास आधीपासून सूर्यास्तानंतर अर्ध्या तासापर्यंत. मी पार्किंगला त्याच्या दोन तास आधी पोचतो. पहिल्या वर्षी वेळेच्या तासभर आधी पोचलो तर अकरा पिकअप आणि माझी एक सेडान, सगळे दार न वाजवता लावतात, कोणी कोणाशी बोलत नाही, आणि मी रिमोटने कुलूप लावलं तर गाडीने भोंगा दिला. अकरा डोकी वळली. तेव्हापासून मी किल्लीने कुलूप लावतो.

मग घाईत दोनशे पावलं आत जाऊन बसलो. उजाडल्यावर मोजले, सात केशरी ठिपके माझ्या नजरेच्या टप्प्यात. साडेसातपर्यंत लांबून गोळ्यांचे आवाज, मग शांत. साडेदहाला हळूहळू एकेक जण उठायला लागला, थंडी भरलेली, कॉफी संपलेली, ट्रककडे निघाले. मला वाटलं संपलं, आणि मी दशमी काढली. बायकोने ॲल्युमिनियम फॉइलमध्ये बांधून दिली होती. फॉइल उघडल्याचा चर्र आवाज झाला आणि तीस यार्डांवरच्या झुडपातून तीन माद्या उसळून गेल्या. त्या उठून निघालेल्या लोकांनीच त्यांना माझ्याकडे ढकललं होतं. हाकाच म्हणायचा तो, फुकटचा, आणि मी दशमी खात होतो.

यावरून दोन नियम. एक, डबा सुती फडक्यात बांधा, आजीसारखा. दोन, साडेनऊ ते दुपारी एक जागेवरून हलायचं नाही, काहीही झालं तरी. गर्दी उठते, चालते, आणि तिच्या चालण्याने हरणं तुम्ही काढलेल्या त्या पांढऱ्या भागाकडे सरकतात. एवढा वेळ बसता यावं म्हणून कपड्यांवर पैसे घाला, दुर्बिणीवर नंतर. लोकरीचे मोजे दोन जोड, चालत जाताना जॅकेट पिशवीत, बसल्यावर घाला, नाहीतर चढताना आलेला घाम बसल्यावर बर्फ होतो. बुडाखाली जाड फोमची गादी. मिरची घातलेली शेंगदाण्याची चटणी, हेही मी थंडीच्या कपड्यांतच धरतो.

गोळी झाडताना हरणाच्या मागे काय आहे ते बघा, डोंगर असला तर ठीक, मागे आकाश दिसत असेल तर सोडून द्या. गर्दीच्या जंगलात हा एक नियम मोडला तर बाकी सगळं वाचलेलं वाया. रस्त्यावरून मारायचं नाही, गाडीत भरलेली बंदूक ठेवायची नाही, आणि हरणासाठी सेमी-ऑटोमॅटिक रायफल चालत नाही, हे कोर्समध्ये सांगतीलच.

आणि जमत असेल तर ओपनिंगचा शनिवार सोडूनच द्या. मंगळवार ते गुरुवार एक दिवस रजा टाका, पार्किंगमध्ये दोन ट्रक असतात. रविवारच्या शिकारीवरची जुनी बंदी 2025 मध्ये कायद्यातून काढली, पण कुठले रविवार खुले ते गेम कमिशनच्या त्या वर्षीच्या तारखांत बघून घ्या.

स्टेप 6: कोणी समोर आलंच तर

येणारच. तुम्ही पहाटे पोचलात आणि आधीच कोणी बसलंय, तर लाल दिवा एकदा हलवा, हळू आवाजात सॉरी म्हणा, विचारा की मी कुठल्या बाजूला गेलो तर तुम्हाला त्रास नाही, आणि तो सांगेल तिकडे जा. तो पहिला आला, जागा त्याची, विषय संपला. उलट तुम्ही बसलेले असताना कोणी चालत आला तर हात हलवून, बोलून दाखवा की इथे माणूस आहे. शिट्टी वाजवू नका, प्राण्यासारखा आवाज तर मुळीच काढू नका. तो निघून गेला की चरफडू नका, त्याने काहीतरी उठवलं असेल तर ते दहा मिनिटांत तुमच्या समोरून जाईल.

कोणी अंगावर आला, "ही आमची जागा, इथे तीस वर्षं आम्ही बसतो" वगैरे, तर वाद घालायचा नाही. तुमचं बरोबर असलं तरी नाही. दोघांच्या हातात भरलेल्या बंदुका आहेत. 2004 च्या नोव्हेंबरात विस्कॉन्सिनच्या सॉयर काउंटीत खाजगी जमिनीवरच्या एका मचाणावर दुसराच माणूस बसलेला सापडला, त्यावरून वाद झाला आणि सहा शिकारी मेले. मचाणावर बसलेला माणूस आग्नेय आशियातल्या ह्मोंग समाजाचा, बाहेरून इथे आलेला. त्यानंतर तिकडच्या ह्मोंग शिकाऱ्यांना वर्षानुवर्षं लोकांच्या नजरा झेलाव्या लागल्या. आपण वेगळे दिसतो, आपले उच्चार वेगळे, कधीतरी कोणीतरी टोमणा मारणार, मला एकाने विचारलं होतं की तुम्ही लोक गाय खात नाही मग हरीण कसं मारता. मी म्हटलं हो ना, गंमतच आहे, आणि चालायला लागलो. गाडीपर्यंत या, नंबर प्लेट टिपून घ्या, खरंच धमकी असेल तर गेम वॉर्डनला फोन करा.

स्टेप 7: खाजगी जमीन, म्हणजे जुलैपासूनचं काम

गेम लँडच्या गर्दीला कंटाळून सगळे शेतकऱ्यांची दारं वाजवतात, तेही नोव्हेंबरात. मीही तेच केलं, पेरी काउंटीत एका म्हाताऱ्या शेतकऱ्याकडे, ओपनिंगच्या चार दिवस आधी, शिकारीचं कॅमोफ्लाज जॅकेट घालूनच. त्याने दार अर्धंच उघडलं, नाही म्हणाला आणि बंद केलं. बरोबरच होतं त्याचं.

पुढच्या वर्षी जुलैत गेलो, साध्या शर्टात, मुलीला बरोबर घेऊन. शिकारीचं आधी काढलंच नाही, सोयाबीनचं शेत बघून विचारलं की कडेची रोपं एवढी खुरटी का. तो अर्धा तास हरणांना शिव्या देत होता. मग विचारलं, मादी मारू का दोन, नर तुमच्या नातवांसाठी ठेवा. मालकाला स्वतःच्या कुटुंबासाठी मोठा नर राखायचा असतो आणि पीक खाणाऱ्या माद्या कमी व्हायला हव्या असतात, त्यामुळे फक्त मादी मागणाऱ्याला होकार लवकर मिळतो. तरी त्या दिवशी बघू म्हणाला. ऑगस्टात गवताचे गठ्ठे ट्रेलरवर चढवायला गेलो, पाठ आठवडाभर धरली होती. दिवाळीला फराळाचा डबा दिला, चकली त्याला आवडली, शंकरपाळे कुत्र्याला. परवानगी मिळाली.

काय विचारून घ्यायचं ते लिहूनच ठेवा: गाडी कुठे लावू, कुठल्या दिवशी येऊ नको, अजून कोणाकोणाला परवानगी आहे आणि ते कुठे बसतात, हद्द कुठपर्यंत, आणि सगळं एका कागदावर सहीसकट. खाजगी जमिनीवर पण गर्दी असते बरं का, मालकाने उदारपणे सहा जणांना हो म्हटलेलं असतं आणि सहाही जणांना वाटतं आपण एकटेच. शक्यतो त्या बाकीच्यांना सीझनआधी भेटा. मालक म्हणाला की तुम्हाला काही झालं तर मी अडकेन, तर त्याला सांगा की 1966 च्या राज्याच्या कायद्याने फुकट प्रवेश देणाऱ्या मालकाला बऱ्यापैकी संरक्षण आहे, पैसे घेतले की ते जातं. म्हणून पैसे देऊ करू नका, काम करा.

लँकेस्टरकडे आमिश शेतकऱ्यांकडे जाणार असाल तर रविवारी जाऊ नका. आणि न विचारता मित्राला बरोबर नेऊ नका, कुठेच, परवानगी तुमची आहे, तुमच्या व्हॉट्सॲप ग्रुपची नाही.

स्टेप 8: हरीण पडल्यावर

हलवायच्या आधी टॅग भरून कानाला लावायचा, दहा दिवसांत रिपोर्ट करायचा. डोंगरातून ओढत आणायला लागतं ही गोष्ट जागा निवडतानाच लक्षात ठेवा, माझ्या त्या सोंडेवरून खाली यायला मला तीन तास लागले होते आणि खालच्या वाटेवर भेटलेल्या दोन अनोळखी माणसांनी न विचारता दोरी धरली, गर्दीचा तेवढा फायदा. काही भागात क्रॉनिक वेस्टिंग डिसीज या हरणांच्या जीवघेण्या रोगामुळे डोकं आणि मणका त्या भागाबाहेर न्यायला बंदी आहे, नकाशा आधी बघा. घरात कोणी खात नसेल तर हंटर्स शेअरिंग द हार्वेस्टमार्फत मांस फूड बँकेला जातं. शेतकऱ्याला मात्र पहिला वाटा.

आणि जानेवारीत बर्फ पडला की परत त्याच जागी जा, बंदूक न घेता. बर्फात हरणांची खुरं दिसतात. माणसांचे बूट जिथून मागे फिरले, ओढ्याकाठी किंवा दगडांपाशी, ती जागा ॲपवर टिंब टाकून ठेवा, त्याच्या पलीकडे शंभर यार्डांवर खुरांची वाट सापडते की नाही बघा. मला दोनदा सापडलीये.